सालूच्या हातातला ग्लास

फोन आला तेव्हा मी मासळी बाजारात उभा होतो. पिशवीत बांगडे पडले होते, मासेवाली वर एक जास्तीचा टाकत होती, आणि खिशातला मोबाइल थरथरला. स्क्रीनवर फिलूचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच काय ते कळलं. "वसंतभाऊ, गेलो तो," एवढंच ती म्हणाली. रडली नाही. मीही रडलो नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की सुटला... आणि त्याच्या मागोमाग, आपणही सुटलो. कितीतरी दिवस मालवण ते गोवा आणि गोवा ते मालवण अशा खेपा घालून अंगातला जोर संपला होता. दुःख करायलासुद्धा थोडी ताकद लागते, ती त्या सकाळी माझ्याकडे नव्हती. घरी येऊन मी पिशवी बायकोच्या हातात दिली आणि खुर्चीत बसून राहिलो. तिने बांगडे शेजारी देऊन टाकले आणि चहा ठेवला.

सालू म्हणजे साल्वादोर, माझा मित्र. फिलू ही त्याची बायको. मालवणजवळच्या एकाच शाळेत आम्ही दोघांनी उभं आयुष्य काढलं; तो भूगोल शिकवायचा, मी मराठी. मुलं मला 'सर' म्हणायची आणि त्याला 'मास्तर', यामागचं कारण मला आजवर समजलेलं नाही. सह्याद्रीच्या पलीकडे तो फारसा कधी गेला नाही, पण फळ्यावर हात न उचलता आफ्रिका काढायचा. त्याच्यात एक मोठा दोष होता: त्याला नाही म्हणता यायचं नाही. एक पालक दर वर्षी त्याला घरची फणसपोळी आणून द्यायचे. सालूला फणस वासानेही चालत नसे. तरी तो दोन्ही हातांनी गठ्ठा घ्यायचा, "गेल्या वर्सापरीस बरी झाली हा" असं म्हणायचा, आणि पालक फाटकाबाहेर पडले की तो गठ्ठा माझ्या टेबलावर आणून आपटायचा. मी म्हणायचो, अरे, एकदा खरं सांगून टाक ना. तो म्हणायचा, "तेंका वायट दिसतला, वश्या." निवृत्त होईपर्यंत मी त्याच्या वाट्याची फणसपोळी खाल्ली.

आमच्याकडे मे महिन्यात ख्रिस्ती वाड्यांमध्ये ठिकठिकाणच्या क्रूसांसमोर, वाडीच्या बोलीत खुरसांसमोर, लादीन होते. संध्याकाळी क्रूसाला फुलांच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात, एक जण प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. त्यांच्या वाडीत हे म्हणायचं काम सालूकडे. आवाज थोडा घोगरा, पण सूर पक्का. मला दर वर्षी आमंत्रण असे आणि मी जात असे. प्रार्थना झाली की खोबरं घातलेले उकडलेले चणे वाटतात, आणि पुरुषमंडळींना काजूच्या फेणीचा एकेक ग्लास. लादीन म्हणणाऱ्याला पहिला मान, आणि त्याच्या ग्लासात घरातली सगळ्यात चांगली. शेजारचा पास्कू आयुष्यभर जहाजावर खलाशी होता, आता घरी बसलेला. तो तर दोडामार्गाकडच्या ओळखीच्या माणसाकडून पहिल्या धारेची मागवून वेगळी ठेवायचा. त्या बाटलीला सालूशिवाय कुणी हात लावायचा नाही. सालू ग्लास घेऊन उठायचा, सगळ्यांशी बोलत फिरायचा, शेवटी कुठेतरी कोपऱ्यात टेकायचा आणि जाताना रिकामा ग्लास घरच्या बाईच्या हातात देऊन "देव बरें करूं" म्हणून आभार मानायचा. वाडीतल्या प्रत्येकाने त्याला असं पाहिलं होतं, वर्षानुवर्षं.

एकदा पास्कूकडची लादीन आटोपून आम्ही दोघं परत चाललो होतो. त्या आठवड्यात वाडीत रोजच कुठे ना कुठे लादीन होती. मी त्याला छेडलं, "मास्तरांनू, ह्यो कितवो गिलास?" तो थांबला, माझ्या तोंडासमोर आला आणि जोरात श्वास सोडला. "घे वास." चण्यांचा वास आला, खोबऱ्याचा आला. फेणीचा नाही. "गिलास घेतंय रे," तो म्हणाला, "पिणंय नाय. कधीच पिवक नाय." मी म्हटलं, "मगे जाता खंय?" "जाता खंय तरी," म्हणून तो हसला. मग थोडं चालल्यावर आपणहून बोलायला लागला. त्याचा बाप दारूने गेला होता हे मला माहीत होतं. गुत्त्यातून बापाला उठवून आणायचं काम सालूकडे असे, आणि वाटेतल्या ओट्यांवरून लोक त्याला बापाच्या नावाने हाका मारत, हे माहीत नव्हतं. "नाय म्हणूक काय जाता? पण नाय म्हटला काय लोक इचारतत, कित्याक नाय. मगे बापाशीचा नाव काढूचा पडता. मेलेल्या माणसाक चार लोकांत कित्याक उघडो करू?" आणि मग म्हणाला, "माका एकच भय वाटता, वश्या. मी मेल्यार कोणी म्हणा नये, बापाशीच्या वाटेन गेलो. तेवढा नको." घराच्या फाटकाशी पोचल्यावर त्याने बजावलं, "खंय बोलू नको हां. पास्कूक कळला तर तेका किती वायट दिसतला." हे त्या दिवसापासून मला ठाऊक होतं आणि अर्थात फिलूला. तिसऱ्या कुणाला आहे असं आम्हाला वाटत नव्हतं.

यंदा पावसाच्या सुरुवातीला त्याला पोटात काहीतरी उडतंय असं वाटायला लागलं. दुपारी जेवून उताणा पडला की बेंबीच्या वर नाडी लागायची. तो फिलूला म्हणाला, "माका दुसरा काळीज फुटलाहा." ती म्हणाली, "पयल्याचा काय केलंस ता आधी सांग." हसण्यावारी नेलं. पुढे कसल्याशा दुसऱ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तसा. फुटला तर इस्पितळ गाठायलाही वेळ मिळणार नाही, असं गोव्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जांघेतून नळी सरकवायचा सोपा मार्ग त्याच्यासाठी नव्हता, कारण फुगा मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांना अगदी लागून होता. पोट उघडून, तेवढा तुकडा बाजूला करून तिथे कापडाची नळी शिवायची. लीना, त्यांची मुलगी, कुवेतमध्ये नर्स. ती फोनवर म्हणाली, पप्पा, करून घ्या, घरात बॉम्ब घेऊन बसू नका. सालूने मान डोलावली. नाही म्हणणं त्याला तिथेही जमलं नसतं, पण या वेळी त्याने मनापासून हो म्हटलं, असं मला वाटतं. त्याला जगायचं होतं.

चतुर्थी आटोपल्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नळी छान बसली आहे, पायांत रक्त व्यवस्थित जातंय. फिलूने छातीवर क्रूस केला, मी कँटीनमधून दोन चहा आणले आणि आम्ही लीनाला व्हिडिओ कॉल लावला. तो दिवस त्या सगळ्या काळातला एकुलता एक बरा दिवस. मग सालूचं पोट दुखायला लागलं. पोट उघडल्यावर पोट दुखणारच, असं आम्हीही धरून चाललो. त्यात हा असा माणूस, नर्सने विचारलं, कसं वाटतंय, की हा म्हणणार, "बरा आसा." पण दुखणं पाठीपर्यंत गेलं, उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं झालं, ताप चढला. रक्त तपासलं, स्कॅन झालं. स्वादुपिंडाला सूज आली होती. शस्त्रक्रियेच्या वेळी मुख्य रक्तवाहिनी काही वेळ चिमटा लावून बंद ठेवावी लागते, तेवढ्यात पोटातल्या बाकीच्या अवयवांना रक्त कमी पडतं. बहुतेकांना त्याचं काही होत नाही, एखाद्याचं स्वादुपिंड मात्र ते सोसत नाही. मग अन्न पचवायचा त्याचा रस त्यालाच पचवायला लागतो. डॉक्टर वयाने लहान होते, पण त्यांनी हे सगळं आम्हाला बसवून, घाई न करता समजावलं. आजही माझा त्यांच्यावर राग नाही.

फक्त समजावण्याच्या आधी, पलंगाशी उभं राहून, त्यांनी विचारलं होतं, "दारू घेतात का?" विचारायलाच हवं, या आजाराचं ते एक नेहमीचं कारण आहे. फिलू म्हणाली, नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, लपवू नका. औषधं ठरवायला लागतं." ती पुन्हा म्हणाली, नाही, कधीच नाही. तेव्हा सालूने डोळे उघडले आणि कोरड्या ओठांनी म्हणाला, "गिलास हातात घेतंय, डॉक्टर... पिणंय नाय." डॉक्टरांना वाटलं, तापात बोलतोय. त्यांनी त्याचा खांदा थोपटला. पण नेमके तेव्हा त्याला भेटायला आलेले वाडीतले दोघे जण दारात उभे होते. त्यांनी प्रश्न ऐकला, स्वादुपिंड हा शब्द ऐकला, आणि 'गिलास हातात घेतंय' एवढंही ऐकलं. रक्त कमी पडल्याचा खुलासा नंतर झाला, तोवर ते मालवणच्या गाडीत बसले होते. आमच्या किनाऱ्यावर काळजाने माणूस मेला तर काळजाने मेला म्हणतात. स्वादुपिंड म्हटलं की पुढचं कुणी ऐकून घेत नाही. ज्याचं स्वादुपिंड गेलं तो पिणारा, हे इथे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यात सालूच्या हातातला ग्लास सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला.

पुढचे दिवस एकासारखे एक गेले. नाकातून नळी, छातीवर तारा, तोंडाने पाण्याचा घोटसुद्धा नाही. फिलू ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवायची, आणि तो डोळ्यांनी पेज मागायचा. पेज म्हणजे काय जेवण थोडंच, ती तर तापलेल्या पोराला देतात, असं ती नर्सला पटवायला जायची आणि मान खाली घालून परत यायची. एक दिवस बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडं रुसायची. बाहेरच्या बाकावर बसून बसून माझी कंबर धरली. कंटाळा आला होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आजारी माणसावर जीव असतानाही कंटाळा येतो. श्वासासाठी यंत्र लावायच्या आदल्या संध्याकाळी मी आत गेलो तेव्हा त्याने बोटाने जवळ बोलावलं. "वश्या... वाडयेत काय म्हणतत?" मी म्हटलं, "काय म्हणतले? मास्तर कधी येता म्हणान इचारतत." त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि डोळे मिटले. त्याला ते खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही.

दफनाला सगळी वाडी आली, शाळेचे जुने विद्यार्थी आले, काही जण तर पुण्याहून गाडी करून. भरपूर माती पडली त्याच्यावर, भरपूर फुलं. आणि दफनभूमीच्या दगडी गडग्याशी चपला शोधत असताना माझ्या मागे कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "शेवटाक बापाशीच्या वाटेनच गेलो." अगदी हळहळून म्हणालं, वाईट हेतूने नव्हे. मी वळलो तर फिलू माझ्या शेजारी उभी होती. तिने ऐकलं होतं. तिच्या हातातली मेणबत्ती विझली होती आणि ती तशीच सरळ धरून ती उभी होती. ज्या एका वाक्याला तो माणूस आयुष्यभर भ्यायला, ते त्याच्यावर माती पडता पडताच कुणीतरी बोललं होतं. मला इतका राग आला की पायातली चप्पल कुणाची हेही बघितलं नाही. घरी येऊन पाहतो तर दुसऱ्याचीच.

त्यानंतर घरी भेटायला येणारा जो तो हळूच तोच विषय काढायचा. कुणी म्हणायचं, आजकाल फेणीत काय काय मिसळतात. कुणी म्हणायचं, फिलू, तू तरी आवरायचं होतंस. दफनाला आलेली लीना रजा दोन दिवसांनी वाढवून राहिली होती. ती एकदा उसळून बोलायला गेली तर फिलूने तिचा हात धरला. खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की तुम्ही मानाने दिलेला प्रत्येक ग्लास माझ्या नवऱ्याने मातीत ओतला. पास्कूची ती खास बाटलीसुद्धा. "तेणा चाळीस वर्सा लोकांची मना सांभाळली," ती मला म्हणाली, "आता मी एका दिसात मोडू?" मी म्हटलं, मग लोक त्याला बेवडा म्हणतील ते चालेल? ती तांदूळ निवडत बसली. ती इतकी दमलेली होती की भांडायलाही तिच्यात काही उरलं नव्हतं. आज मी हे छापायला देतोय ते तिने सांगितलं म्हणून. गप्प राहायचं बंधन पुढे तिने स्वतःच मोडलं.

त्याच्या नावाने महिन्याची मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली त्या दिवशी चर्चमधून माणसं परंपरेप्रमाणे घरी आली. ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. चणे उकडले होते, आणि रिवाज म्हणून पुरुषांना ग्लासही दिले होते. फिलूने स्वतः ट्रे फिरवला. थोडा वेळ पावसाच्या, आंब्याला येणाऱ्या मोहराच्या गप्पा झाल्या. मग एक गृहस्थ, माणूस भला, ग्लास रिकामा करत म्हणाले, "सगळा खरा, पण मास्तरान पिणा थोडा कमी करूक व्हया होता." फिलू ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे तिने टेबलावर ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "तेणा उभ्या जल्मात थेंब घेवक नाय. गिलास घेई, तो तुमका वायट दिसा नये म्हणान. आणि कोणाचा लक्ष नसताना ओतून टाकी. सगळ्यांचे." मग तिने पास्कूकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता. "पास्कूदादा, तुजेव. माका माफ कर. पण ह्या आता माज्यान आयकवना नाय."

मला पास्कूकडे बघवेना. त्याने ग्लास खाली ठेवला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "माका ठावक होता."

"काय ठावक होता?" फिलूने विचारलं.

"माज्या खुरसाच्या पायरेकडे अबोली आसा. म्हणजे, लावतंव. पावसात लावतंव, फुला येतत, आणि मे म्हयन्यात लादीन झाली काय आठ दिसांत सुकता. दर वर्सा. बायलेक वाटला, कोणी करणी केल्यान. चर्चातला आशीर्वादाचा पाणी हाडून शिंपडल्यान, तरी मरता ती मरताच. मगे एका वर्सा मी खिडकीतसून बघित रवलंय. मास्तर पायरेर येवन बसलो, हडे बघल्यान, थंय बघल्यान, आणि दिल्यान सगळी अबोलीक."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मला राहवेना. मी विचारलं, "पास्कू, मगे अबोली दुसरीकडे लावची होती."

"आणि तेका कळला असता, माका कळला म्हणान," पास्कू म्हणाला. "मगे तो माज्या दारात लादीन म्हणाक इलो असतो? लाजान मेलो असतो तो. बायल कंटाळली, तवसून मीच नवी हाडून थंयच लावतंय."

"आणि लोक काय काय बोलले, तेव्हा तरी तोंड उघडूचा होता," फिलू म्हणाली.

"तू तेची बायल. तू गप रवलंस, म्हणान मी गप." पास्कूने टोपी उलटसुलट केली. "तेणा माका कधी सांगूक नाय गो. तेच्या तोंडातसून इला नाय, ता मी कसा बोलू?"

मघाचे गृहस्थ उठून फिलूसमोर आले आणि रिकाम्या ग्लासासकट हात जोडून उभे राहिले. तिने त्यांच्या हातातला तो ग्लास काढून घेतला आणि खुर्चीत बसली. गोव्याच्या त्या बाकावर नाही, दफनाच्या दिवशी नाही, फोनवर नाही... तेव्हा ती रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि पास्कूकडे वळली.

"पास्कूदादा," ती म्हणाली, "येत्या पावसात लाव अबोली. आता जगतली."